मृगापर्यंतची फुलबाग

पंचांगात वैशाख हा वसंताचा दुसरा महिना. पण देशावर हा वसंत सरत येतो तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो, विदर्भात तो पंचेचाळीसही ओलांडतो आणि अंगणातल्या चार वाफ्यांकडे दुपारी बघवत नाही. जास्वंदीची पानं माना टाकतात, गुलाबाची कळी उमलते तीच कडेनं करपलेली, कर्दळीच्या पानांच्या किनारी वाळून चुरचुरतात. अशा वेळी हात शिवशिवतात. खत घालावं, छाटून टाकावं, कुंडी बदलावी, आणखी एक बादली पाणी ओतावं असं वाटत राहतं. यातलं बरंचसं झाडाला नको असतं.

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत बारमाही फुलझाडांच्या बागेत एकाच वेळी तीन तऱ्हेची झाडं नांदत असतात. मोगरा, चाफा, अनंत, बोगनवेल यांचा हा ऐन हंगाम. गुलाब, शेवंती, जास्वंद यांचा हा तग धरून राहण्याचा काळ. आणि मे फ्लॉवर, पावसाळी लिली, निशिगंध यांचे कंद मातीखाली जागे व्हायच्या बेतात असतात. सगळ्यांना एकच माप लावलं की कुणाचंच भागत नाही. ज्याचा हंगाम चालू आहे त्याला भरपूर द्या, जो तग धरून आहे त्याला नुसता राखा आणि जो झोपेत आहे त्याला उगाच उठवू नका. या दिवसांतली बहुतेक कामं या एका विचारातून आपोआप ठरतात.

आधी पाण्याचं बोलू, कारण उन्हाळ्यात मरणारी बरीचशी झाडं तहानेनं मरत नाहीत. ती चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी घातलेल्या पाण्यानं मरतात. भर दुपारी मलूल झालेलं झाड तहानलेलंच असेल असं नाही. मुळं जेवढं पाणी ओढू शकतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जायला लागलं की झाड पानं खाली सोडतं. तेच झाड संध्याकाळी सहा-सातला बघा. पानं परत ताठ झाली असतील तर त्याला काहीही झालेलं नाही. सकाळीही ती मलूलच असतील तर मात्र मातीत बोट घाला. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तर पाणी द्या. ओलं लागलं आणि तरीही झाड मलूल असेल, तर मुळं कुजत असण्याची शक्यता आहे. तिथे आणखी पाणी म्हणजे मरणच.

जमिनीतल्या झाडाला रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा मुबलक द्या. रोजच्या तांब्यानं वरची दोन बोटं माती तेवढी भिजते. मग मुळंही ओलाव्याच्या मागे वर येतात आणि नेमकी तापलेल्या थरात सापडतात. मोगऱ्याच्या मोठ्या झुडपाला एका वेळी आठ-दहा लिटर पाणी हळूहळू जिरू द्यावं. आळं खोडाला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली हवं, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात. वेळ शक्यतो पहाटेची. ती जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर, जमिनीची धग उतरल्यावर.

कुंडीचा प्रश्न वेगळा. पाणी ओतलं आणि क्षणात खालच्या भोकातून बाहेर आलं, की आपण निश्चिंत होतो. पण एकदा वाकून नीट बघा. सुकलेली माती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. कडेला बोटाच्या नखाएवढी फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत राहतो. मातीत नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, जास्त असेल तर हे हमखास होतं, कारण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की लवकर पाणी धरत नाही. अशी कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवा आणि बुडबुडे थांबले की बाहेर काढा. उचलता येत नसेल तर काडीनं कडेची माती मोकळी करून फट बुजवा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं तीनदा थोडं थोडं पाणी घाला. उन्हाळ्यात कुंडीतल्या झाडांसाठी यापेक्षा उपयोगी दुसरं काम मला माहीत नाही.

गच्चीवर कुंडीखालचा स्लॅब तापतो, तशी पश्चिमेकडची बाजूही तापते. नर्सरीतल्या काळ्या पिशवीत किंवा पातळ काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर मुळं अक्षरशः शिजतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवा आणि एकमेकींना खेटून ठेवा. मोठ्या मागे, लहान पुढे असं न करता मोठ्या पश्चिमेला आणि लहान त्यांच्या आडोशाला ठेवा. पश्चिमेकडच्या कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं तरी खूप फरक पडतो. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधणार असाल तर ती झाडांच्या डोक्याला टेकवू नका, हातभर वर घ्या म्हणजे वारा खेळेल. आणि मोगऱ्यावर, बोगनवेलीवर ती बांधू नका. त्यांना ऊन कमी पडलं की फुलं कमी होतात. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी एक ते चार एवढी सावली मोगऱ्याला चालते, कोकणात आणि पुण्याकडे तेवढीही लागत नाही.

पाण्याची टंचाई असलेल्या गावांसाठी जुना मार्ग आजही सगळ्यांत चांगला: मातीचं मडकं पुरणं. तीन ते पाच लिटरचं, न रंगवलेलं, साधं भाजलेलं मडकं झाडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि तोंडावर झाकण ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. माती सुकेल तसतसं मडकं पाझरतं आणि मुळं त्याच्याभोवती जाळं विणतात. वर्षानुवर्षं वापरून क्षार धरलेलं मडकं झिरपत नाही, तेव्हा नवं घ्या किंवा जुनं आतून-बाहेरून घासून घ्या. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. भांड्यांच्या साबणाचं पाणी नको. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते एखाद्या दिवशी जमिनीतल्या कण्हेरीला गेलं तर चालेल, कुंडीला रोज नको.

आणि आच्छादन. हे एक काम राहिलं असेल तर लेख बाजूला ठेवून आधी ते करून या. आंब्या-फणसाची गळलेली पानं, उसाचं पाचट, वाळलेलं गवत, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते तीन बोटं जाडीनं आळ्यात पसरा. सोसायटीच्या आवारात लोक हाच पालापाचोळा झाडून जाळतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून खताची पिशवी आणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काळ्या मातीत आच्छादनाआधी हलकी खुरपणी करा. उन्हानं पडलेल्या भेगांमधून ओलावा तर उडतोच, पण त्या रुंदावताना बारीक मुळंही तोडतात. कोकणातल्या तांबड्या मातीला भेगा पडत नाहीत, पण तिथे वाळवीचा धोका असतो. म्हणून आच्छादन खोडापासून चार बोटं दूर ठेवा आणि अधूनमधून उचलून खाली बघत जा.

आता मोगरा. मराठी घराच्या उन्हाळ्याचा हा राजा, आणि या दिवसांत सगळ्यांत जास्त लक्ष त्यालाच द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात. डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन छाटणी केली असेल तर मार्चपासून बहर लागतो आणि पावसापर्यंत लाटेसारखा येत राहतो. एक बहर ओसरला की पंधरा दिवस नुसती पानं दिसतात आणि लोकांना वाटतं, संपला हंगाम. संपलेला नसतो. ज्या फांद्यांची फुलं होऊन गेली त्यांचे शेंडे पानांच्या दोन जोड्यांसकट खुडा. नखांनी खुडले तरी चालतं, सिकेटर हवीच असं नाही. महिना-दीड महिन्यात त्याच जागी दोन-दोन नव्या फुटी येऊन कळ्या धरतात. या खुडणीनंतर मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत आळ्यात मिसळा आणि वर भरपूर पाणी द्या. ताजं शेण किंवा कोंबडीखत या उन्हात घालू नका, त्यानं मुळं भाजतात. युरियानं झुडूप हिरवंगार होईल, पण कळ्या मोजक्याच येतील.

कळ्या काढायच्या त्या पहाटे, पूर्ण भरलेल्या पण न उमललेल्या. त्या ओल्या फडक्यात ठेवल्या की संध्याकाळी उमलतात. झाडावर फुलं सुकू दिली तर पुढच्या कळ्यांचा जोर कमी होतो. म्हणजे गजऱ्यासाठी रोज तोडणं हीच मोगऱ्याची खरी निगा. पालघर, जव्हार, विक्रमगडकडचे शेतकरी अंधार असतानाच तोडणीला लागतात, त्यामागे बाजाराची घाई असते तसं कळ्या न उमललेल्या मिळाव्यात हेही कारण असतं.

मोगऱ्याची कळी कधी हातात घेऊन बारकाईनं बघा. निरोगी कळी हिरवट पांढरी आणि टणक असते. एखाद्या गुच्छातल्या एक-दोन कळ्या जांभळट झालेल्या दिसतील. त्यांच्या बाजूला टाचणीनं टोचल्यासारखं भोक असतं आणि भोकाशी बारीक भुसा. आत हिरवट अळी असते. ही कळी पोखरणारी अळी एका कळीवर थांबत नाही, शेजारच्या कळ्यांना धाग्यानं जोडून एकीतून दुसरीत जाते. घरच्या दोन-चार झुडपांसाठी औषध शोधत बसू नका. पहाटे कळ्या तोडताना जांभळट कळ्या वेगळ्या काढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. झाडाखाली मात्र टाकू नका. आठ-दहा दिवस हे नेमानं केलं की उपद्रव आटोक्यात येतो. पानं निस्तेज, राखाडी ठिपक्यांची दिसली आणि मागे बारीक जाळी असली तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो. सकाळी पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं पानांची खालची बाजू धुऊन काढा, तीन दिवसांनी पुन्हा धुवा. त्यानंही भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब पातळ साबण घालून फवारा, तेही सूर्य मावळल्यावर. उन्हात तेल फवारलं की पानं भाजतात, आणि दिवसा फवारलं तर मधमाश्यांवर उडतं.

अनंताची तक्रार बहुधा एकच असते: कळ्या येतात, मोठ्या होतात आणि उमलण्याआधी गळून पडतात. अनंताला मातीतला चढउतार सोसत नाही. एक दिवस ठणठणीत कोरडं, दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की तो कळ्या टाकतो. मे महिन्यात त्याचा ओलावा सारखा राहील एवढं बघा. पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसत असतील तर त्याला लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्यानं माती अल्कधर्मी होते आणि मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. घरात एसी असेल तर त्याचं ठिबकणारं पाणी साठवा आणि अनंताला घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात. चिलेटेड लोह खतांच्या दुकानात मिळतं. ते पाकिटावरच्या प्रमाणापेक्षा कमीच वापरा.

चाफ्याला आणि बोगनवेलीला या दिवसांत जितकं विसराल तितकं बरं. बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली पांढरट बारीक नळी. कुंडीतल्या बोगनवेलीला रोज पाणी घालाल तर ती रंग सोडून नुसता पाला वाढवेल. पानं किंचित मलूल झाल्यावरच पाणी द्या. देवचाफ्याची नवी झाडं करायची असतील तर हाच काळ. हातभर लांबीची जून फांदी कापा, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत उभी ठेवा, मग वाळूमिश्रित मातीत लावा आणि पानं फुटेपर्यंत पाणी देताना हात आखडता ठेवा.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि मोबदल्यात त्याचं रक्षण करतात, म्हणून मुंग्यांची रांग दिसली की लगेच शेंडा उलटून बघा. फार बरबटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, बाकीचे साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा.

गुलाबाला मे महिन्यात कडक छाटणी अजिबात नको. पानांची सावली गेली की उघडी पडलेली फांदी उन्हानं भाजते आणि तिथून वाळत खाली जाते. मोठी छाटणी पावसानंतर, ऑक्टोबरात. आत्ता सुकलेली फुलं काढा, मेलेल्या काड्या काढा आणि डोळा भरलेल्या जागेच्या खालून काही फुटलं असेल तर ते मुळापासून ओढून काढा. ती रानगुलाबाची फूट असते आणि बघता बघता मूळ झाडाचं सगळं खाऊन टाकते. फुलं छोटी आणि फिकट येतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शेवंती सध्या बघण्यासारखी नसते आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त फेकली जाते. हिवाळ्यात फुलून गेलेल्या झाडाच्या बुडाशी बघा, मातीतून लहान लहान फुटवे आलेले असतील. त्यांना काश्या म्हणतात आणि पुढच्या हिवाळ्याची सगळी शेवंती त्यांच्यात आहे. जुन्या वाळक्या काड्या कापा, कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी हलवा आणि माती नुसती ओलसर ठेवा. जूनमध्ये मुळांसकट या काश्या वेगळ्या करून एकेक लावा, पाणी झटकन निचरेल अशा मातीत. लावल्यावर महिन्याभरानं शेंडा खुडा. रात्री लांबायला लागल्या की शेवंती कळ्या धरते, तोवर तिला फांद्या फोडू द्यायच्या.

ज्या कुंडीत हिवाळ्यापासून काहीच दिसत नाही ती रिकामी समजून उकरू नका. मे फ्लॉवरचा कंद उन्हाची तल्खी वाढली आणि एखादा वळीव पडला की पानांच्या आधी फूलच वर काढतो, लालबुंद चेंडूसारखं. पानं नंतर येतात आणि पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या कमाईवरच ठरतं. म्हणून फूल सुकलं की दांडा कापा, पण पानं हिवाळ्यात आपोआप पिवळी पडेपर्यंत राखा. पावसाळी लिलीच्या कुंडीला आत्ता पाणी बेतानं द्या. कोरडेपणानंतर आलेला पहिला जोरदार पाऊस हाच तिला फुलण्याचा इशारा असतो.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तिथेही हिवाळा कोरडा आणि पाऊस उन्हाळ्यात, त्यामुळे आपल्याकडे तो परका वाटत नाही. तीन वर्षं एकाच जागी असलेला गड्डा फुलं कमी देतो, कारण एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवतीची पिल्लं फुलतात आणि दाटीत ती लहानच राहतात. असा गड्डा आत्ता काढा, माती झटका, कंद सावलीत आठ-पंधरा दिवस सुकवा आणि सुटे करा. सुपारीपेक्षा मोठे कंद यंदाच फुलतील, त्याहून लहान वेगळ्या वाफ्यात वाढवा. दोन इंच खोल, वीतभर अंतरानं, टोक वर ठेवून लावा. मेच्या उत्तरार्धात लावलेल्या चांगल्या कंदांना गणपतीच्या आगेमागे दांडे येतात. नवे कंद घेणार असाल तर वासासाठी सिंगल जात घ्या. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ ही सिंगल जात रोपवाटिकांत मिळते. डबल निशिगंध फुलदाणीत देखणा दिसतो, सुगंधात मात्र मागे पडतो.

सुट्टीत आठवडाभर गावी जाणार असाल तर कुंड्या उत्तरेच्या भिंतीला किंवा घरातल्या मोरीत एकत्र आणा. उंचावर पाण्याची बादली ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीत, दुसरं कुंडीच्या मातीत दोन बोटं खोल खुपसा. दोरी आधी भिजवून घ्या. शेजाऱ्यांना किल्ली देऊन जाणार असाल तर कुठल्या कुंड्यांना पाणी घालायचं नाही हेही सांगून जा. मदतीच्या हौसेनं चाफा आणि निवडुंग कुजतात.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. तिथून मृगापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, पुढच्या ऋतूची तयारी. सगळ्या कुंड्यांची भोकं खालून काडीनं मोकळी करा, ताटल्या काढून टाका. आळ्यात निंबोळी पेंड मिसळा. वळवाच्या वाऱ्यात मोडतील अशा वेलींना आत्ताच आधार द्या, जुईचा मांडव तपासा, सुतळी कुजली असेल तर बदला. जुई-मोगऱ्याच्या जमिनीलगतच्या लवचीक फांद्यांना धागा बांधून ठेवा, पाऊस लागल्यावर त्यांची दाबकलमं करायची आहेत. एखाद्या वळवानं भुलून शेडनेट उतरवू नका. वळीव पडून गेल्यावर पुन्हा आठ दिवस कडक ऊन पडतं आणि सावलीत वाढलेली कोवळी पानं एका दुपारीत जळतात. आभाळ सलग तीन-चार दिवस भरलेलं राहिलं की मगच नेट काढा, खोडाजवळचं आच्छादन थोडं मागे सारा म्हणजे ओलाव्यानं साल कुजणार नाही, आणि जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या कापून छाटकलमं लावायला घ्या.